आडनाव आणि ग्रामनाम : 'किर्लोस्कर' या शब्दाच्या उपयोगांचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

"किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर' चालविले" हे वाक्य मराठी वाचकास कोठेही अडखळवीत नाही. शंकरराव किर्लोस्कर यांनी किर्लोस्करवाडी येथून 'किर्लोस्कर' नावाचे मासिक चालविले, हा त्याचा अर्थ त्याला तत्काळ कळतो. परंतु या लहानशा वाक्यात एकच शब्द तीन वेळा आला असून प्रत्येक वेळी त्याने निराळा पदार्थ दाखविला आहे : प्रथम व्यक्ती, नंतर स्थान आणि शेवटी मासिक. शिवाय या तिन्हींच्या मागे किर्लोस हे कोकणातील गाव आहे, आणि वाक्यात त्याचा प्रत्यक्ष उल्लेख नसतानाही त्याचे नाव तीनदा उच्चारले गेले आहे.

माणसे आणि गावे यांच्यात नावांची देवघेव सर्वत्र चालते. मराठीत ती मुख्यतः 'कर' या प्रत्ययाच्या द्वारे होते. ग्रामनामांवरून झालेली आडनावे मराठीत इतकी विपुल आहेत, की त्यांचे स्वरूप उघड आहे असे आपण गृहीत धरतो. आडनाव दिसले की त्यातील 'कर' बाजूला काढावा, उरलेले गाव नकाशात शोधावे आणि घराण्याचे मूळ सापडले असे मानावे, ही पद्धती स्थलांतरविषयक आणि समाजशास्त्रीय लेखनात पुष्कळदा अवलंबिलेली दिसते. ही पद्धती भाषाशास्त्राच्या दृष्टीने कितपत टिकते, हे प्रस्तुत लेखात एका आडनावाच्या आधारे पाहावयाचे आहे. 'किर्लोस्कर' हा नमुना निवडण्याचे कारण असे की, गावापासून कुलाकडे आणि कुलापासून पुन्हा गावाकडे असा संपूर्ण प्रवास या एका शब्दाने केला असून त्यातील बहुतेक टप्प्यांचा काळ आपणांस ठाऊक आहे.

२. 'कर' या प्रत्ययाचे कार्य

प्रथम 'कर' आणि 'करी' हे दोन प्रत्यय वेगळे केले पाहिजेत. 'वारकरी', 'शेतकरी', 'माळकरी' या शब्दांत 'करी' हा क्रियेशी किंवा धारण केलेल्या वस्तूशी माणसाचा संबंध दाखवितो. 'पुणेकर', 'नागपूरकर', 'वाईकर' यांत 'कर' हा स्थळाशी माणसाचा संबंध दाखवितो. दोघांच्या व्युत्पत्तीचा परस्परसंबंध हा स्वतंत्र प्रश्न आहे. येथे केवळ त्यांच्या आजच्या कार्याचा विचार केला आहे.

दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. ग्रामनामावरून विशेषण करण्यासाठी मराठीजवळ 'ई' आणि 'एरी' हेही प्रत्यय आहेत. आपण 'कोल्हापुरी चप्पल' म्हणतो, 'पुणेरी पगडी' म्हणतो, पैठणच्या वस्त्राला 'पैठणी' म्हणतो आणि मालवणच्या बोलीला 'मालवणी' म्हणतो. परंतु 'कोल्हापूरकर चप्पल' किंवा 'पुणेकर पगडी' असे कोणी म्हणत नाही. 'ई' आणि 'एरी' हे वस्तू, बोली, रीती यांना लागतात, क्वचित माणसांनाही लागतात. 'कर' मात्र माणसासाठी राखून ठेवलेला आहे. मनुष्यवाचकता हे या प्रत्ययाचे मूळचे बंधन होय. हे बंधन पुढे कोठे आणि का सुटते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

३. रहिवासी आणि आडनावाचा धनी

'कर' प्रत्ययान्त शब्दाचे मराठीत दोन उपयोग आहेत आणि ते एकाच रूपात वावरतात. एका उपयोगात तो सामान्यनाम असतो : पुणेकर म्हणजे पुण्यात राहणारा. दुसऱ्या उपयोगात तो विशेषनाम असतो : पुणेकर म्हणजे त्या आडनावाचा गृहस्थ, मग तो कोठेही राहो. "आमचे शेजारी नागपूरकर पक्के पुणेकर आहेत" या वाक्यात विरोध नाही. पहिला शब्द विशेषनाम आहे, दुसरा सामान्यनाम.

हा भेद केवळ अर्थाचा नाही. तो व्याकरणाच्या कसोट्यांवरही उतरतो. सामान्यनामाला तरतमभाव दाखविणारी विशेषणे लागतात : 'पक्का पुणेकर', 'अस्सल पुणेकर', 'तीन पिढ्यांचा पुणेकर'. आडनावास ती सरळ लागत नाहीत. 'पक्का किर्लोस्कर' असे म्हटल्यास त्या कुलाचे काही विशेष गुण अभिप्रेत आहेत, असा लाक्षणिक अर्थ करावा लागतो. सामान्यनाम स्थलांतराबरोबर बदलते : पुणे सोडून मुंबईत स्थायिक झालेला माणूस काही वर्षांनी स्वतःस मुंबईकर म्हणवू लागतो आणि त्यासाठी त्याला कोणाची अनुज्ञा लागत नाही. आडनाव बदलावयाचे तर राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते. उलट विवाहानंतर पतीचे आडनाव लावण्याच्या रूढीमुळे एखादी सातारकर कुलातील स्त्री आपले गाव न सोडताही पंढरपूरकर होते. म्हणजे सामान्यनामाचा संबंध निवासाशी असून आडनावाचा संबंध कुलाशी, रूढीशी आणि दप्तराशी आहे.

येथून एक निष्कर्ष निघतो. किर्लोस गावात जोवर एखादे घराणे राहत होते, तोवर त्या गावात त्याला किर्लोस्कर म्हणण्याचे काही प्रयोजन नव्हते. कारण तेथे सर्वच किर्लोसचे. नाव वेगळेपणा दाखविण्यासाठी ठेवतात. 'कर' प्रत्ययाचे आडनाव गावाबाहेर पडलेल्या माणसाला, गावाबाहेरच्या माणसांनी, तो बाहेरून आला आहे हे ओळखून दिलेले असते. गावातच राहून ते नाव मिळण्याचे प्रसंगही आहेत. गावच्या वतनाशी किंवा अधिकाराशी ज्या घराण्याचा संबंध, त्यास त्या गावाचे नाव चिकटते. परंतु सामान्यतः असे म्हणावयास हरकत नाही की, हे आडनाव गाव सोडल्याची खूण आहे. त्यावरून कुल कोठे राहते हे कळत नाही. फार तर कोठे राहत नाही याचा अंदाज येतो.

४. किर्लोसपासून किर्लोस्करांपर्यंत

किर्लोस हे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण तालुक्यात आहे. किर्लोस्कर घराण्याचे मूळ कोकणातील या गावी सांगितले जाते. परंतु ज्या दोन व्यक्तींमुळे हे आडनाव महाराष्ट्रास परिचित झाले, त्या दोघांचाही जन्म किर्लोस येथे झालेला नाही. संगीत नाटकाचे प्रवर्तक बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी जन्मले. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचाही जन्म १८६९ साली तेथेच झाला. गुर्लहोसूर हा कानडी मुलूख. तेथे वाढलेल्या, तेथून पुढे महाराष्ट्रभर संचार केलेल्या या माणसांना कोणी गुर्लहोसूरकर म्हटले नाही. यावरून त्यांच्या पिढीपूर्वीच हे नाव कुलाशी घट्ट बांधले गेले होते, हे उघड होते. नव्या गावाला नवे नाव देण्याची प्रत्ययाची शक्ती या कुलापुरती तेव्हाच संपली होती.

या स्थिरीकरणाची खूण शब्दाच्या लेखनातही उमटली आहे. 'किर्लोस' आणि 'कर' यांच्या जोडणीतून 'किर्लोसकर' असे लेखन अपेक्षित आहे. अकारान्त शब्दातील अन्त्य 'अ' मराठीत उच्चारला जात नसल्याने 'किर्लोस्' आणि 'कर' हे प्रत्यक्ष बोलण्यात एकमेकांस भिडतातच. परंतु 'पैठणकर', 'होळकर', 'चिपळूणकर' यांत आपण तो उच्चार लेखनात आणीत नाही. तेथे मूळ ग्रामनाम अक्षरशः जपले जाते. 'किर्लोस्कर' मध्ये मात्र जोडाक्षर झाले आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना 'किर्लोस' हे गाव अखंड दिसत नाही. ग्रामनामाचे शेवटचे अक्षर प्रत्ययाच्या पहिल्या अक्षरात मिसळून गेले आहे. 'भास्कर' हा शब्द वाचताना त्याचे घटक जसे सामान्य वाचकाच्या मनात येत नाहीत, तसेच येथेही होते. शब्द साधित असूनही सिद्ध शब्दाप्रमाणे वागू लागला आहे.

५. ग्रामनामाकडे परत जाण्याची वाट

आडनावावरून गाव शोधणाऱ्या अभ्यासकास अडविणारी दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्ययापूर्वी ग्रामनामात होणारा बदल. व्यंजनान्त उच्चाराच्या नावांत अडचण नाही : होळ–होळकर, चिपळूण–चिपळूणकर, माशेल–माशेलकर. परंतु दीर्घ स्वरान्त नावांत दोन प्रकार आढळतात. काही ठिकाणी अन्त्य स्वर टिकतो : पेडणे–पेडणेकर, बडोदे–बडोदेकर, कुर्डी–कुर्डीकर. काही ठिकाणी तो लोपतो : सातारा–सातारकर, मंगेशी–मंगेशकर, केरी–केरकर, शिरोडे–शिरोडकर. 'कुर्डी' आणि 'केरी' ही दोन्ही गोमंतकातील गावे, दोन्ही ईकारान्त, दोन्ही द्व्यक्षरी. तरीही एकाचा स्वर टिकला आणि दुसऱ्याचा गेला. म्हणजे ग्रामनामावरून आडनाव कसे होईल याचा अंदाज बांधता येतो, पण आडनावावरून ग्रामनाम निश्चित करता येत नाही. लोपलेला स्वर 'आ' होता, 'ई' होता, 'ए' होता की मुळात नव्हताच, हे रूप सांगत नाही. त्यात वडगाव, पिंपळगाव यांसारख्या नावांची अनेक गावे महाराष्ट्रात विखुरलेली आहेत. 'वडगावकर' या आडनावावरून त्यांपैकी एक निवडण्याचे कोणतेही साधन भाषेजवळ नाही.

या संदर्भात 'आंबेडकर' या आडनावाचे उदाहरण निर्णायक आहे. रूप पाहून कोणीही अभ्यासक 'आंबेड' असे गाव शोधील. आणि रत्नागिरी जिल्ह्याच्या संगमेश्वर तालुक्यात आंबेड नावाची गावे त्याला सापडतीलही. तथापि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव ते नव्हे. त्यांचे कुलनाम सकपाळ. मूळ गाव त्याच जिल्ह्यातील, परंतु मंडणगड तालुक्यातील आंबडवे. शाळेत गावावरून 'आंबडवेकर' असे नाव लागले आणि त्याचे 'आंबेडकर' हे रूप शाळेतील त्या आडनावाच्या एका शिक्षकांवरून आले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. या हकिकतीच्या तपशिलाविषयी चर्चा होत असते. भाषाशास्त्रदृष्ट्या एवढे निश्चित म्हणता येते की, 'आंबडवे' पासून 'आंबेडकर' हे रूप नियमाने सिद्ध होत नाही. तेथे ध्वनिनियमाव्यतिरिक्त काहीतरी घडले आहे. आणि ते काय, हे चरित्र सांगू शकते, व्याकरण सांगू शकत नाही. आडनावांच्या याद्यांवरून गावांचे नकाशे सिद्ध करणाऱ्यांनी हे एक उदाहरण सदैव समोर ठेवावे.

याच उदाहरणातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. 'कर' प्रत्ययाची आडनावे कोणत्याही एका जातीची नाहीत. गाव सर्वांचे असते; म्हणून गावाचे नाव ब्राह्मणापासून दलितापर्यंत सर्वांच्या नावापुढे येऊ शकते. एकच आडनाव अनेक जातींत आढळते. तेव्हा अशा आडनावावरून जातीचा निष्कर्ष काढणे हे गावाचा निष्कर्ष काढण्याहूनही अधिक धोक्याचे आहे.

६. ज्यांस कुलनाम नव्हते त्यांची आडनावे

आतापर्यंत आडनाव पित्याकडून येते, असे गृहीत धरून विवेचन केले. परंतु गावाचे नाव हे कित्येकांच्या बाबतीत पित्याच्या नावाच्या जागी आलेले आहे. विसाव्या शतकातील हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासात ज्या थोर गायिकांची नावे येतात, त्यांतील पुष्कळांची आडनावे ग्रामनामांवरून आलेली आहेत, हा योगायोग नव्हे. केसरबाई केरकर (१८९२–१९७७) या गोमंतकातील केरीच्या. मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) या कुर्डीच्या. कलावंत समाजातील स्त्रियांच्या मुलांना पित्याचे कुलनाम लावण्याची वाट तत्कालीन समाजाने मोकळी ठेवलेली नव्हती. अशा वेळी ज्या गावाने जन्म दिला, ते गावच नावापुढे आले. दीनानाथ मंगेशकर (१९००–१९४२) यांचे आडनावही मंगेशीवरूनच आलेले आहे.

हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांचे आडनाव याहून बोलके आहे. त्यांचा जन्म मिरजेचा. पिता अब्दुल करीम खाँ. माता ताराबाई माने यांचा संबंध बडोद्याशी. त्यांचे बंधू सुरेशबाबू यांनी आईचे 'माने' हे नाव लावले, तर हिराबाई 'बडोदेकर' झाल्या. एकाच मातापित्यांच्या दोन अपत्यांची दोन आडनावे, आणि त्यांपैकी एक असे की, ते जन्मस्थान न सांगता आईने मागे सोडलेले नगर सांगते. येथे 'कर' प्रत्ययाने वारसा सांगण्याचे काम केले आहे, पण तो वारसा पितृकुलाचा नाही.

कुर्डीची कथा याहून निराळी आहे. सांगे तालुक्यातील हे गाव साळावली धरणाच्या जलाशयात गेले. ग्रामस्थांचे अन्यत्र पुनर्वसन झाले. तेथील प्राचीन महादेव मंदिराचे दगड काढून ते धरणाजवळ पुन्हा उभारण्यात आले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काही आठवडे गावाचे भग्नावशेष वर येतात आणि मूळचे रहिवासी तेथे जमतात. 'कुर्डीकर' हे आडनाव मात्र अबाधित आहे. रहिवासी या अर्थाचा 'कुर्डीकर' हा शब्द आता वर्तमानकाळात वापरता येत नाही. आडनाव या अर्थाचा वापरता येतो. तिसऱ्या परिच्छेदात दाखविलेला सामान्यनाम आणि विशेषनाम यांचा भेद येथे केवळ व्याकरणाचा राहत नाही. धरणांनी, खाणींनी आणि वाढत्या नगरांनी ज्या गावांची जागा घेतली, त्यांच्या नावांची शेवटची नोंद पुष्कळदा कोणाच्या तरी आडनावातच उरते. अशी आडनावे गोळा करताना ती धारण करणाऱ्यांच्या आठवणीही त्याच वेळी टिपून घेणे आवश्यक आहे. कारण नाव टिकते, पण ते कोणत्या गावाचे हे सांगणारी माणसे टिकत नाहीत.

७. कुलापासून गावाकडे

आता आपण किर्लोस्करांकडे परत येऊ. लक्ष्मणरावांचा कारखाना प्रथम बेळगावात होता. तेथील जागा सोडणे भाग पडल्यावर औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात जागा दिली आणि १९१० साली कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळच्या माळावर कारखाना व वसाहत उभी राहिली. हीच किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्यात असून स्थानकाचे नावही किर्लोस्करवाडी असेच आहे. याच प्रकारे कऱ्हाडजवळ ओगले यांच्या काचकारखान्यामुळे ओगलेवाडी झाली.

'किर्लोस्करवाडी' या शब्दाची घडण पाहण्यासारखी आहे. त्याचा विग्रह 'किर्लोस्करांची वाडी' असा होतो, पण समासात अनेकवचनाचा अनुस्वार आणि षष्ठीचा प्रत्यय दोन्ही लुप्त झाले आहेत. त्यामुळे ती एका किर्लोस्करांची की सर्व किर्लोस्करांची, हे नाव सांगत नाही. आरंभी ती एका कुटुंबाच्या पुढाकाराने वसली. पुढे तेथे राहणाऱ्यांत अन्य आडनावांचे लोकच बहुसंख्य झाले, हे कोणत्याही औद्योगिक वसाहतीचे स्वाभाविक फलित. मूळ गावी जसा प्रत्येक रहिवासी किर्लोसचा असूनही त्यास किर्लोस्कर म्हणण्याचे कारण नव्हते, तसाच या नव्या गावीही रहिवासी किर्लोस्करवाडीचा असूनही किर्लोस्कर नाही. त्याला 'किर्लोस्करवाडीकर' म्हणावे लागते. या शब्दात 'कर' दोनदा आला आहे : पहिला स्थिर झालेला, अर्थ हरवलेला, दुसरा जिवंत, आजही कार्य करणारा. दोन्ही प्रत्यय एकरूप असूनही त्यांची पुनरुक्ती कानाला खटकत नाही, यावरूनच पहिला 'कर' भाषकांच्या मनात प्रत्यय म्हणून उरलेला नाही, हे सिद्ध होते.

इंग्रजी भाषेत अशा प्रसंगी प्रत्ययाची गरज पडत नाही. इंग्लंडच्या ईशान्य भागातील वॉशिंग्टन या गावावरून एका कुलास ते नाव मिळाले. त्या कुलातील जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यावरून अमेरिकेच्या राजधानीस आणि पुढे १८८९ साली संघात सामील झालेल्या एका राज्यास तेच नाव मिळाले. गाव, कुल, नगर आणि राज्य या चौघांचे रूप अक्षरशः एकच आहे. मराठी मात्र प्रत्येक वळणावर खूण ठेवून जाते : गावापासून माणूस झाला की 'कर', माणसापासून गाव झाले की 'वाडी', 'नगर' किंवा 'पूर'. 'किर्लोस', 'किर्लोस्कर', 'किर्लोस्करवाडी' ही मालिका वाचली की नाव कोणत्या दिशेने गेले, हे तिच्या घडणीवरूनच कळते.

माणसांवरून स्थळांना नावे देताना एक प्रवृत्ती आढळते, तिचा निर्देश येथे करावा. आधुनिक काळातील पुरुषांची आडनावे स्थळांस मिळतात : टिळकनगर, नेहरूनगर, आंबेडकरनगर. राजपुरुषांची व्यक्तिनामे मिळतात : शिवाजीनगर, संभाजीनगर. स्त्रियांच्या बाबतीत मात्र त्या कोणत्याही काळातील असोत, बहुधा व्यक्तिनामच येते : इंदिरानगर त्याचे उदाहरण. अहमदनगरचे नाव २०२४ साली बदलले तेव्हा ते अहिल्यानगर झाले, होळकरनगर झाले नाही. आडनाव उच्चारले की पुरुषाचा बोध व्हावा आणि स्त्रीचा बोध व्हावयास तिचे व्यक्तिनाम लागावे, ही आपल्या भाषाव्यवहारातील गोष्ट स्थलनामांतही उतरली आहे.

८. कुलापासून संस्था आणि वस्तूंकडे

'कर' हा प्रत्यय केवळ मनुष्यवाचक आहे, असे आरंभी म्हटले. आता 'किर्लोस्कर नांगर', 'किर्लोस्कर पंप' हे प्रयोग पाहावेत. 'कोल्हापूरकर चप्पल' हे अशक्य आणि 'किर्लोस्कर पंप' हे सहज, असे का? याचे उत्तर वर आलेच आहे. 'कोल्हापूरकर' मध्ये प्रत्यय जिवंत आहे, म्हणून त्याचे बंधनही जिवंत आहे. 'किर्लोस्कर' मध्ये प्रत्यय गोठला आहे, म्हणून त्याचे बंधन उरलेले नाही. हा शब्द आता केवळ एक नाव आहे आणि नाव कशालाही देता येते. मनुष्यवाचकतेचे बंधन सुटणे हीच शब्द पूर्णपणे विशेषनाम झाल्याची सर्वांत स्पष्ट कसोटी होय.

१८८० साली अण्णासाहेबांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि त्यांच्या मंडळीस 'किर्लोस्कर नाटक मंडळी' हे नाव रूढ झाले. १८८५ साली ते निवर्तल्यावरही मंडळीचे नाव तेच राहिले. १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघाले आणि पुढे ते नुसते 'किर्लोस्कर' झाले. आडनाव असे एकटेच वस्तूसाठी उभे राहिले की त्याचे लिंग आणि वचन बदलते. व्यक्तीविषयी 'किर्लोस्कर आले' असे आदरार्थी बहुवचन येते. मासिकाच्या अंकाविषयी 'किर्लोस्कर आला' असे पुल्लिंगी एकवचन. पंपाविषयी 'किर्लोस्कर बसविला'. इंजिनाविषयी 'किर्लोस्कर बंद पडले' असे नपुंसकलिंगी रूप. अध्याहृत नामाचे लिंग आडनावाने स्वीकारले आहे. विभक्तीतही भेद आहे : 'किर्लोस्करांत' म्हटले तर कुल, 'किर्लोस्करमध्ये' म्हटले तर मासिक किंवा कारखाना. आदर हा माणसासाठी असतो. आदरार्थी अनुस्वार गळला की माणूसही बाजूला झाला असे समजावे.

'होळकर' या आडनावाचा प्रवास याच दिशेने, पण सत्तेच्या मार्गाने झाला. नीरेकाठच्या होळ गावावरून मल्हारराव होळकरांचे (१६९३–१७६६) आडनाव आले. माळव्यात त्या आडनावाने राज्य ओळखले जाऊ लागले. इंदूरमध्ये महाविद्यालयास ते नाव मिळाले. आणि 'होळकर' हा क्रिकेटचा संघ झाला. त्या संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. त्याचे नेतृत्व करणारे सी. के. नायडू 'होळकर'कडून खेळत, पण ते होळकर नव्हते. आणि होळ गावाशी तर त्यांचा कोणताच संबंध नव्हता.

९. समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. 'कर' प्रत्ययान्त शब्द मराठीत एकाच रूपाने चार कामे करतो : रहिवासी सांगणे, कुल सांगणे, स्थलनामाचा घटक होणे आणि संस्था वा वस्तू दाखविणे. यांपैकी पहिल्याच कामात गावाशी प्रत्यक्ष संबंध असतो. दुसऱ्यात तो संबंध ऐतिहासिक असतो, आणि तोही रूपावरून निःसंदिग्धपणे सिद्ध होत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या कामांत मूळ गावाशी संबंध उरत नाही. म्हणून आडनाव हा पुरावा नसून पुराव्याकडे नेणारी खूण आहे, असे मानून अभ्यासकाने दप्तर, कुलवृत्तान्त आणि माणसांच्या आठवणी यांच्याकडे वळले पाहिजे.

शेवटी एका योगाचा उल्लेख करतो. डॉ. आंबेडकरांचा जन्म १८९१ साली मध्य भारतातील महू येथील लष्करी छावणीत झाला. तेथून शेकडो मैलांवर असलेल्या आंबडवे या खेड्याची आठवण त्यांच्या आडनावात राहिली. १९९५ साली उत्तर प्रदेशात आंबेडकरनगर नावाचा जिल्हा निर्माण झाला, आणि २००३ साली महूचे नाव डॉ. आंबेडकरनगर झाले. ज्या गावी ते जन्मले त्या गावाला त्यांच्या पूर्वजांच्या गावाचे नाव मिळाले. आणि ते एका माणसाच्या कर्तृत्वामुळे मिळाले. ज्या भाषेत 'कर' म्हणजे काय हे कोणी सांगू शकणार नाही, अशा भाषेच्या प्रदेशात आज आंबडव्याचे नाव फलकांवर लिहिलेले आहे. आंबडव्यातील फारच थोडी माणसे तेथवर गेली असतील.